माघ सरताना परसबाग

करमाळ्यासारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात थंडी ओसरली की दारातल्या वाफ्याची काळजी लागते. उजनीचे पाणी तालुक्याच्या कडेला आहे, पण ते प्रत्येकीच्या दारात येत नाही. म्हणून आताच कामाला लागा. वालाच्या वाळलेल्या शेंगा काढून बी राखेत घोळून ठेवा. फेब्रुवारीत भेंडी, गवार, दोडका टोका. कडुनिंबाचा गळलेला पाला जाळू नका; झाडांच्या आळ्यांत पसरा, ओल टिकते. भाजी, तांदूळ धुतलेले पाणी शेवग्याला घाला. तो फुलला, कडुनिंबाला तांबूस पालवी फुटली, की वसंत आला समजा. मागोमाग पाणीटंचाई येईल, बाजारात भाजी महागेल. आज थोडे श्रम केले, तर तेव्हाही मुलांच्या ताटात घरची भाजी पडेल.