दगडांखालचे शिंपले आणि त्यांचे रक्षण

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी दूरवर मागे हटते व एरवी बुडालेले दगडगोटे उघडे पडतात. असा एखादा दगड उचलून पाहिल्यास त्याच्या ओलसर तळाशी लहान शिंपले घट्ट चिकटलेले आढळतात. रेतीत पुरून राहणाऱ्या तिसऱ्यांपेक्षा त्यांची राहणी निराळी असते.

ओळख : यांत आर्का कुळातील शिंपले प्रामुख्याने येतात. त्यांच्या दोन शिंपा सरळ रेषेत जोडलेल्या असून त्या सांध्यावर आतून फणीसारखी बारीक दात्यांची ओळ असते. कित्येक जातींवर तपकिरी, केसाळ आवरण असल्याने ते दगडात चटकन दिसत नाहीत. या कुळातील अनेक जातींच्या रक्तात हिमोग्लोबिन असते. त्यामुळे त्यांचे मांस तांबूस दिसते.

राहणी : शिंपल्याच्या पायातील ग्रंथीतून प्रथिनयुक्त द्रव्य पाझरते. ते घट्ट होऊन त्याचे चिवट तंतू बनतात व त्यांच्या आधारे शिंपला दगडास धरून राहतो. दगडाखाली सावली, ओलावा आणि लाटांपासून आसरा मिळतो. भरतीच्या वेळी शिंपला कल्ल्यांवाटे पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव खातो. पाणी गढूळ व घाण असेल, तर तीच घाण त्याच्या शरीरात साठते. म्हणून गटाराच्या मुखाजवळील शिंपले खाण्यास आणू नयेत.

घ्यावयाची काळजी : दगड उलटा टाकून दिल्यास खालचे जीव उन्हाने सुकतात व वरचे शेवाळ प्रकाशाअभावी मरते; म्हणजे दोन्ही बाजूंची वस्ती नष्ट होते. म्हणून—

१. उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवावा.

२. चिकटलेले शिंपले ओढून काढू नयेत.

३. बागेच्या गडग्यासाठी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील दगड नेऊ नयेत. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार तेथील वाळू व खडक यांच्या उत्खननास सर्वसाधारणपणे मनाई आहे.

४. आम्लधर्मी जांभ्या जमिनीस चुना हवा असल्यास जिवंत शिंपल्यांना हात लावू नये. शिंपल्यांच्या चुऱ्यात मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट असते. त्यासाठी वाहून आलेले रिकामे शिंपले धुऊन, दळून वापरावेत. प्रमाण माती परीक्षणानंतर ठरवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उधाणाच्या दिवशी शाळेतील मुलांना व शेतकऱ्यांना किनाऱ्यावर नेऊन ही वस्ती प्रत्यक्ष दाखवावी. दगड जागेवर राहिला, तरच त्याखालचा जीव जगेल.