पाऊस आला, कोळसा वाचला

रेल्वे फाटकात अडकलं की मालगाडीचे डबे मोजायची सवय आपल्यातल्या अनेकांना असते. चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या पोरांना तर कोळशाच्या गाडीचा आकडा तोंडपाठ : ५८, फार तर ५९. एका गाडीत जवळपास ४,००० टन कोळसा. आता हिशेब करा. २०२५ मध्ये जगाने सुमारे ८८५ कोटी टन कोळसा वापरला. म्हणजे अशा गाड्या दिवसाला ६,०००, मिनिटाला ४. एकाच फाटकातून त्या सोडल्या तर फाटक वर्षभर उघडायचंच नाही!

माणशी वाटणी केली तर तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत प्रत्येकाच्या नावावर रोज जवळजवळ ३ किलो. यात कणीसवाल्याच्या शेगडीतला कोळसा धरलेला नाही हं. तो लाकडाचा. हा सगळा जमिनीतून खणून काढलेला दगडी कोळसा.

८८५ कोटी हा आजवरचा उच्चांक. पण त्याच वर्षी भारतात मात्र कोळशाचा खप घटला. गेल्या ५० वर्षांत असं घडण्याची ही जेमतेम तिसरी वेळ, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सांगते. खाणी बंद पडल्या नव्हत्या, उलट २०२४-२५ मध्येच देशाच्या कोळसा उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला होता. खप घटवला तो पावसाने.

आठवतोय ना तो मे महिना? मुंबईत मान्सून येतो ११ जूनच्या सुमारास, त्या वर्षी तो २६ मे रोजीच येऊन थडकला. ऐन उन्हाळ्यात हवा गार झाली आणि एसी, कूलर, पंख्यांचा भार उतरला. पुढे पाऊस टिकला, धरणं भरली, जलविद्युत केंद्रं जोरात चालली. सौर आणि पवनऊर्जेची भरही होतीच. एवढं सगळं जुळून आल्यावर औष्णिक केंद्रांना कोळसा कमी लागला. आंबेवाल्यांचे त्या पावसाने हाल केले, पण कोळशाचे ढिगारे राखले.

त्याआधी चीनमध्ये याच्या उलट चित्र दिसलं होतं. जगातला अर्ध्याहून अधिक कोळसा तो एकटा देश वापरतो. किंबहुना जगात जळणाऱ्या दर तीन टनांतला एक टन चीनच्या वीज केंद्रांत जातो. २०२२ च्या उन्हाळ्यात सिचुआन प्रांतात पाऊस रुसला. तिथली बहुतेक वीज पाण्यावरची, त्यामुळे कारखाने बंद ठेवायची वेळ आली. २०२३ मध्येही चीनच्या जलविद्युतेला ओढ बसली आणि ती तूट कोळशाने भरून काढली. यांगत्से नदीचं पाणी ओसरलं की तिकडे बॉयलर पेटतात. म्हणून मला वाटतं, कोळशाच्या मागणीचा अंदाज बांधायचा तर खाणीइतकंच आभाळाकडेही पाहायला हवं.

हे दोन्ही पाहणारा एक माणूस होऊन गेला. विल्यम स्टॅनली जेव्हन्स. विशीत तो सिडनीच्या टांकसाळीत नोकरीला होता आणि फावल्या वेळात तिथल्या हवामानाच्या काटेकोर नोंदी ठेवायचा. १८६५ मध्ये त्याने इंग्लंडच्या कोळशावर पुस्तक लिहून खळबळ उडवली. त्याचं म्हणणं होतं की इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली की कोळसा वाचत नाही. इंजिनं स्वस्तात चालतात, वाढतात आणि एकूण खप फुगतो. आज अर्थशास्त्राच्या वर्गात हे त्याच्या नावाने शिकवतात. पुढे तर त्याने सूर्यावरचे डाग, भारतातली पिकं आणि इंग्लंडमधली मंदी यांची सांगड घालून पाहिली. ती काही टिकली नाही, पण भारतातल्या सुगीवर लंडनचा बाजार हलतो का, हे तपासावंसं वाटणारा तो माणूस मला फार आवडतो.

कोळसा आटत जाऊन इंग्लंडची भरभराट थांबेल, ही त्याची धास्ती. घडलं निराळंच. ब्रिटनचं उत्पादन १९१३ मध्ये शिखरावर पोहोचलं आणि मग उतरत गेलं. लंडनच्या होबर्न व्हायाडक्टवर १८८२ मध्ये कोळशावरचं पहिलं सार्वजनिक वीज केंद्र सुरू झालं होतं. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे देशातलं शेवटचं केंद्र बंद झालं. जमिनीखाली कोळसा अजून आहे, गिऱ्हाईक निघून गेलं.

आजच्या जाणकारांचीही कसोटी लागते. खप २०२६ पर्यंत २.३ टक्क्यांनी उतरेल, असं ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये म्हटलं होतं. त्यानंतर २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षांनी उच्चांक मोडला.

एका जहाजाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलहून १७९९ मध्ये परदेशी गेलेला पहिला कोळसा कुठे आला? बंगालला! आणि बंगालमध्येच राणीगंजला १७७४ पासून कोळसा खणण्याची खटपट सुरू होती. आज तेच न्यूकॅसल कोळसा निर्यातीचं जगातलं सर्वांत मोठं बंदर आहे आणि ऑस्ट्रेलियाचा कोळसा आपण आजही घेतो, मुख्यतः पोलादासाठी. आपल्या कोळशात राख फार, पोलादाच्या भट्टीला लागतो कोक होणारा जातिवंत कोळसा. झोतभट्टीच्या वाटेने टनभर पोलाद करायचं तर तो साधारण पाऊण टन लागतो. असा परदेशी माल गोव्यात मुरगाव बंदरात उतरून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. वाटेवरच्या गावांत धूळ बसते, म्हणून ‘गोंयांत कोळसो नाका’ ही हाक उठली. तिच्यामागची तळमळ पटण्यासारखीच आहे.

ऊर्जा संस्थेचा पुढचा अंदाज असा : २०३० पर्यंत जगाचा खप जवळपास सपाट, शेवटी किंचित उतार. सर्वाधिक वाढ भारतात, २० कोटी टनांहून जास्त. ती वाढ सरळ रेषेत होईल असं मला वाटत नाही, एखादा लवकर आलेला मान्सून ती वाकवेल.

पाण्याने कोळशाला हटवण्याचा खेळ आपल्याकडे जुनाच आहे. मुंबईच्या गिरण्यांचे बॉयलर एकेकाळी जहाजाने आलेल्या विलायती कोळशावरही धगधगायचे. मग टाटांनी लोणावळ्याच्या डोंगरात पावसाचं पाणी अडवलं, ते नळांतून घाटाखाली सोडलं आणि १९१५ मध्ये खोपोलीहून गिरण्यांना वीज पोहोचली. खोपोलीला आजही त्या पाण्यावर वीज होते.