एकत्र कामाची सवय आणि गावाचे जीवन



चार माणसे एका ठिकाणी राबतात तेव्हा पिकाबरोबर आणि मालाबरोबर आणखी एक गोष्ट तयार होत असते. ती म्हणजे एकमेकांशी वागण्याची रीत. ही रीत कामाच्या जागीच राहत नाही. संध्याकाळी ती माणसाबरोबर घरी येते, चावडीवर जाते, शाळेच्या कमिटीत जाऊन बसते. हे कसे घडते ते आपल्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दाखल्यांवरून पाहू.

मिळून काम करणे आपल्याला नवे नाही. ज्याच्या गोठ्यात एकच बैल, तो शेजाऱ्याशी सावड करी. कुणाची नांगरट मागे पडली की दहा जण आपापली औते घेऊन येत आणि दिवस मावळायच्या आत रान उलथून टाकत. घरधन्याने जेवण घालायचे, एवढाच मोबदला. हीच इर्जिक. तिथे पैसा नव्हता, कागद नव्हता, फक्त शब्द होता. पण या रीतीला एक मर्यादा होती. ती भावकीपुरती, वस्तीपुरती, तोंडओळखीपुरती चाले. जिथे शेकडो अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास टाकायचा असतो, तिथे ओळख पुरत नाही. तिथे नियम लागतो आणि उघडा हिशेब लागतो.

नगर जिल्ह्याला या गोष्टीची गरज फार होती. पाऊस बेभरवशाचा आणि शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेला. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पण कायद्याने बियाण्याला पैसा मिळत नाही. रोखा जळाला तरी पुढच्या पेरणीला पुन्हा सावकाराचीच पायरी चढावी लागे.

दुसरी वाट लोणी गावच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धरली. १९२३ साली त्यांनी लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी काढली. पुढे भंडारदऱ्याचे धरण झाले, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले आणि रानात ऊस उभा राहिला. मग विखे पाटील गावोगाव फिरले आणि शेतकऱ्यांनी आपला स्वतःचा कारखाना काढावा म्हणून भाग गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या मदतीला आले आणि सुरुवातीची वर्षे तेच अध्यक्ष होते. मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता यांचाही आधार मिळाला. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरच्या कारखान्याचे गाळप सुरू झाले. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीची ही सुरुवात.

आता या कामाची रीत नीट ध्यानात घ्या. तोडलेला ऊस ठेवून चालत नाही. तास जातील तसे त्याचे वजन घटते, साखर कमी होते. तिकडे कारखान्याची दिवसाची गाळपाची ताकद ठरलेली. म्हणजे सगळ्यांचा ऊस एकाच दिवशी घेता येत नाही. म्हणून लागवडीची नोंद होते आणि तारखेप्रमाणे तोडीची पाळी लागते. ‘माझा ऊस आधी’ असे प्रत्येकालाच वाटते. पण पाहुण्यासाठी एकाचा नंबर पुढे ओढला की मागच्या दहा जणांच्या उसाचे वजन रानातच उतरते.

दुसरे असे की साखरेचा उतारा सर्वांचा मिळून निघतो. एकाने मोळीत पाचट, वाढे, माती घातली तर तोटा त्याच्या एकट्याच्या बिलात दिसत नाही. तो सर्वांच्या भावात वाटला जातो. कारखान्याच्या आतही हेच. गव्हाणीपासून पोते शिवण्यापर्यंत कामाची साखळी असते. रात्रपाळीच्या माणसाने यंत्राचा बिघाड सकाळपाळीला सांगितला नाही, तर दिवस उजाडता उजाडता गाळप बंद पडते आणि बाहेर गाड्यांची रांग लागते.

तिसरी गोष्ट सभेची. सहकारी संस्थेत भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. दहा एकरवाला आणि दोन एकरवाला एकाच सतरंजीवर बसतात. निदान नियम तरी असाच सांगतो.

पाळी पाळणे, सामाईक नुकसान आपले मानणे आणि हिशेब विचारणे, या तीन सवयी गावाच्या फार कामाच्या आहेत. ज्याने वार्षिक सभेत उभे राहून एकदा अहवालातल्या आकड्याबद्दल प्रश्न विचारला, त्याला ग्रामसभेत प्रश्न विचारायला भीती वाटत नाही. ज्याला तोडीची पाळी पटली, त्याला पाटपाण्याची पाळीही पटते. साखरेच्या पट्ट्यात पुढे उसाच्या टनामागे थोडी कपात करून शाळा-दवाखान्यांना हातभार लावण्याची चाल पडली. प्रवरानगरला १९६४ साली पब्लिक स्कूल निघाले. लोणीला १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिथे एके काळी पतपेढीचे पुस्तक हे मोठे काम वाटे, तिथे ही मजल गाठली गेली.

परंतु मंडळी, नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या साखळीची पहिली कडी रानात असते. तिथे कोयता चालवणारा माणूस सभासद नसतो. पाथर्डी, जामखेड, शेवगावच्या कोरडवाहू गावांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. बाई बरोबरीने राबते, पण हिशेबात ती निराळी धरली जात नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. वार्षिक सभेत यांना मत नाही. मुले आई-बापांबरोबर थळावर येतात आणि त्यांची शाळा सुटते. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहे निघाली, ते चांगलेच झाले. पण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एकत्र कामाचे पुण्य आपोआप सर्वांपर्यंत पोचत नाही. आपण ज्याला आपल्यात धरतो त्याच्यापर्यंतच ते पोचते. सहकाराचे कुंपण जिथे घालाल, तिथे गावाचा सलोखाही थांबतो.

आता कालव्याचे पाणी नसलेल्या एका गावाकडे वळू. नगर तालुक्यातील हिवरे बाजार. पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास. डोंगर उघडे पडलेले, विहिरी आटलेल्या, माणसे कामासाठी परगावी आणि गावात दारूचा धंदा. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेत गावाने श्रमदान केले. डोंगरावर समतल चर खोदले, ओढ्या-नाल्यांवर बांध घातले, झाडे लावली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली.

इथली खरी नवलाई बांधांपेक्षा पुढच्या ठरावांत आहे. विहिरींना पाणी आल्यावर गावाने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असे ठरवले. ऊस आणि केळी लावायची नाही असेही ठरवले. दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात. स्वतःच्या जमिनीत बोअर घेऊ नको असे शेजाऱ्याने सांगितले तर कोण ऐकेल? पण ज्याने त्याच शेजाऱ्याबरोबर उन्हात चर खोदला आहे, त्याला हे पाणी एकट्याचे नाही हे समजावून सांगावे लागत नाही. हाताने केलेल्या कामाने संयमाचा नियम पेलण्याची ताकद आली. पवारांना २०२० साली पद्मश्री मिळाली, पण तो मान साऱ्या गावाच्या घामाचाही आहे.

शिक्षक बंधुभगिनींना यातून थोडे काम सुचवावेसे वाटते. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवा, मुलांकडून रोज पाऊस मोजून फळ्यावर लिहून घ्या. वर्गात कामाच्या पाळ्या लावा आणि त्या पाळ्या हुशार मुलासाठीही मोडू नका. सहलीचा किंवा बागेचा जमाखर्च मुलांनाच लिहू द्या आणि सर्वांसमोर वाचू द्या. तुमच्या गावच्या थळावर कोयत्यावाल्यांची मुले आली असतील तर त्यांना आपल्या वर्गात बसवा.

आणि शेतकरी मंडळींनी आपल्या सोसायटीत, दूधसंस्थेत, बचत गटात एकदा विचारून पाहावे की आपला हिशेब सर्वांना दिसतो का, पाळी सर्वांना सारखी आहे का आणि जो आपल्यासाठी राबतो तो आपल्यात धरला आहे का. तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर त्या संस्थेचे काम गावच्या चावडीवरही दिसल्याशिवाय राहणार नाही. गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील सांगत आले. मात्र ‘गाव’ म्हणताना त्यात कोण कोण येते, हे ठरवणे आपल्या हाती आहे.