ओट्यावरची दुसरी शेगडी

इंद्रायणीचा भात गरम असतो तोवर मऊ, किंचित चिकट आणि घमघमणारा असतो. गार झाला की त्याचा घट्ट गोळा होतो. पातेल्यात घालून गॅसवर परत तापवायला घेतला, तर तळाला लागतो आणि वरून गारच राहतो. कामशेतच्या घरांत हा प्रश्न रोजचा आहे. ही नाणे मावळ आणि पवन मावळातल्या गावांची बाजारपेठ, भाताचा मुलूख. इंद्रायणी हे वाणही इथलेच. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ते तयार केले आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती दिले. घरात तांदूळ हा असा, आणि घरातली माणसे मात्र तळेगाव-पिंपरीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी, पुणे-लोणावळा लोकलने ये-जा करणारी. एका घरात चार माणसे चार वेळांना जेवतात. मायक्रोवेव्ह ओव्हन अशा घरांच्या ओट्यावर आला तो या गरजेपोटी.

यंत्र आले, पण त्याची नीट ओळख फार थोड्या घरांत झाली. कुठे ते फक्त चहा-दूध गरम करायची पेटी होऊन बसते, तर कुठे ‘रेडिएशन’च्या धास्तीने त्यावर रुमाल घालून ठेवला जातो. दोन्हीत नुकसान आपलेच. या यंत्राबद्दल एकच गोष्ट मुळातून समजून घ्यायला हवी. ते आच देत नाही. ते अन्नातल्या पाण्याला आणि थोड्या प्रमाणात तेल-तूप व साखरेला थेट तापवते. भांडे कोणते घ्यावे, पाणी किती शिंपडावे, धोका कुठे आहे आणि कुठे नाही, या सगळ्याची उत्तरे या एका गोष्टीतून मिळतात.

रडारमधून स्वयंपाकघरात

या यंत्राचा गाभा म्हणजे मॅग्नेट्रॉन, आणि तो युद्धासाठी जन्मला. १९४० च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. शत्रूची विमाने हेरणाऱ्या रडारसाठी लागणाऱ्या आखूड आणि जोरकस लहरी त्यातून मिळू लागल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो अमेरिकेत पोहोचला आणि रेथिऑन कंपनीत मोठ्या प्रमाणावर बनू लागला. तिथे पर्सी स्पेन्सर हा शाळा अर्धवट सुटलेला, स्वतःच्या अभ्यासाने इंजिनियर झालेला माणूस काम करत होता. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना खिशातली वडी वितळल्याचे त्याच्या लक्षात आले. ही गोष्ट बहुधा चॉकलेटची म्हणून सांगतात. त्याच्या नातवाने मात्र ती शेंगदाण्याची वडी होती असे सांगितले आहे. स्पेन्सरने मग मक्याचे दाणे आणून फोडून पाहिले आणि १९४५ च्या ऑक्टोबरात पेटंटसाठी अर्ज केला.

१९४७ साली आलेला पहिला ओव्हन, ‘रडाररेंज’, माणसाच्या उंचीचा आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. थंड ठेवण्यासाठी त्याला पाण्याची नळी जोडावी लागे. तो हॉटेले आणि जहाजांपुरताच राहिला. घरच्या ओट्यावर मावणारा ओव्हन अमाना कंपनीने १९६७ साली ४९५ डॉलरना बाजारात आणला, आणि तिथून या यंत्राचा घरगुती प्रवास सुरू झाला.

पेटीच्या आत

घरातली २३० व्होल्टची वीज आतला ट्रान्सफॉर्मर सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत चढवतो. कपॅसिटर आणि डायोड मिळून ती आणखी दुप्पट करतात. या विजेवर मॅग्नेट्रॉन २,४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. लहरींचे विद्युत क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा मागेपुढे होते, त्याबरोबर हे रेणू वळू पाहतात आणि शेजारच्या रेणूंशी झटापट करतात. त्या झटापटीचीच उष्णता होते. बर्फात रेणू जखडलेले असल्याने तो फार सावकाश तापतो. फ्रीझरमधला पदार्थ कडेला वितळून उकळू लागतो आणि मधे दगडासारखा राहतो तो यामुळेच. म्हणून डीफ्रॉस्टला शक्ती कमी ठेवायची आणि मधे मधे थांबायचे.

मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवतो, हा समज चुकीचा आहे. लहरी बहुतेक पदार्थांत दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्यापुढची उष्णता नेहमीसारखी हळूहळू आत झिरपते. शिवाय पेटीच्या धातूच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे काही जागी जोर जास्त आणि काही जागी जवळजवळ शून्य असतो. फिरती थाळी आहे ती एवढ्यासाठी. जाड थर न लावता अन्न पसरून ठेवणे, मधोमध जागा मोकळी सोडून कडेने मांडणे, अर्ध्या वेळाने ढवळणे आणि बाहेर काढल्यावर दोन मिनिटे झाकून मुरू देणे, या चार सवयींनी निम्मे काम होते. मुरण्याच्या त्या दोन मिनिटांत उष्णता सगळीकडे सारखी पसरते.

शक्तीचे बटण बहुतेक घरांत कायम शंभर टक्क्यांवरच असते. साध्या ओव्हनमध्ये पन्नास टक्के म्हणजे लहरी मंद होत नाहीत. मॅग्नेट्रॉन काही सेकंद चालू आणि काही सेकंद बंद राहतो. कान दिला तर घरघर बदलताना ऐकू येते. बंद असतानाच्या वेळात उष्णता आत जाते. दाट आमटी, पिठले, खीर यांना मध्यम शक्तीच मानवते.

वीस लिटरचा साधा ओव्हन अन्नाला ७०० ते ८०० वॉट देतो आणि विजेचे साधारण १,०५० ते १,२५० वॉट खातो. म्हणजे पाच मिनिटांच्या वापराला एक दशांश युनिट. वाटीभर भाजी किंवा एका माणसाचे ताट गरम करायला हे परवडते. आठ माणसांची आमटी उकळायची असेल, तर गॅसच बरा.

मावळी जेवण आणि मायक्रोवेव्ह

शिळ्या इंद्रायणीसाठी हे यंत्र उत्तम. एका माणसापुरत्या भाताचा गोळा हाताने मोकळा करावा, त्यावर चमचाभर-दोन चमचे पाणी शिंपडावे, सैल झाकण ठेवावे आणि दीड ते दोन मिनिटे तापवावे. शिंपडलेल्या पाण्याची वाफ होते आणि कोरडा झालेला दाणा पुन्हा मऊ होतो. ओव्हनमध्ये भात शिजवायचा असेल, तर वाटीभर तांदूळ धुऊन वीस मिनिटे भिजवावा आणि दोन वाट्या पाणी घालावे. नव्या तांदळाला त्याहून थोडे कमी. भांडे मात्र भाताच्या तिप्पट मोठे हवे, कारण इंद्रायणीच्या पिठाळ पाण्याला फेस फार येतो. आधी पूर्ण शक्तीवर आधण येऊ द्यावे, मग निम्म्या शक्तीवर दहा मिनिटे शिजवावे, शेवटी पाच मिनिटे झाकूनच ठेवावे.

भाताबाबत एक इशारा गंभीरपणे घ्यावा. तांदळाबरोबर येणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि विष सोडतात, आणि त्यातले उलट्या घडवणारे विष परत तापवल्यानेही जात नाही. दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवून मग मायक्रोवेव्हच्या भरवशावर खाऊ नये. दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये जायला हवा, आणि तापवताना मधोमधून वाफ येईपर्यंत तापवायला हवा.

पोळी ओलसर कापडात गुंडाळून पंधरा-वीस सेकंदच ठेवावी. जास्त वेळ ठेवली की ती चामट होते. भाकरीला मात्र तवाच हवा. वडे, भजी, पुरी यांचा कुरकुरीतपणा या यंत्रात जातो, कारण आतले पाणी वाफ होऊन कवचात येते. उडदाचा पापड पाऊण मिनिटात तेलाशिवाय फुलतो. शेंगदाणे भाजता येतात, पण दर मिनिटाला हलवून. दाणा लहान असल्याने लहरी थेट गाभ्यापर्यंत जातात आणि सालीचा रंग बदलायच्या आत तो आतून करपू शकतो. लोणावळ्याच्या वाटेवरच्या या भागात घरी चिक्की करणारे बरेच आहेत. त्यांनी गुळाचा पाक प्लॅस्टिकच्या भांड्यात कधीही करू नये. पाकाचे तापमान उकळत्या पाण्याच्या कितीतरी वर जाते आणि भांडे वितळते.

भरताचे वांगे, बटाटा, टोमॅटो यांना काट्याने टोचे मारल्याशिवाय आत ठेवू नये. आतली वाफ वाट शोधते आणि साल फाडते. अंडे कवचासकट ठेवायचेच नाही, आणि उकडलेले सोललेले अंडे पुन्हा तापवायचे नाही. ते तोंडाजवळ नेल्यावरही फुटू शकते.

धोका कुठे आहे, कुठे नाही

या लहरींनी अन्न किरणोत्सर्गी होत नाही. त्यांच्यात रेणूचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते आणि बटण बंद होताच त्या संपतात. दाराच्या काचेतल्या जाळीची छिद्रे मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असतात आणि लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, त्यामुळे उजेड बाहेर येतो, लहर येत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाच सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॉट एवढीच गळती चालते, आणि अंतर वाढले की ती झपाट्याने घटते. तरी दाराची शिस्त पाळावी. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीला वर्षानुवर्षे काही गूढ स्पंदने दिसत होती. २०१५ साली त्यांचा उगम सापडला, तो वेधशाळेतल्याच मायक्रोवेव्हमध्ये. तो चालू असतानाच कोणी तरी दार ओढून उघडत असे. आधी थांबवावे, मग उघडावे. दार वाकले असेल, बिजागरी सैल झाली असेल किंवा कडेला खरकटे साचले असेल, तर ओव्हन वापरू नये.

खरे धोके वेगळे आहेत. स्टीलचे भांडे लहरी परतवते, त्यामुळे अन्न तापत नाही. सोनेरी काठाचा कप, फॉइल, तारेची पट्टी यांतून ठिणग्या उडतात. भांडे चालेल की नाही हे घरीच तपासता येते. भरलेला पाण्याचा पेला आणि शेजारी ते रिकामे भांडे ठेवून मिनिटभर चालवावे. पाणी तापले आणि भांडे गार राहिले तर ते योग्य. मेलामाइन मात्र नकोच. गुळगुळीत काचेच्या पेल्यातले पाणी बुडबुडा न येता उकळबिंदूच्या वर जाऊ शकते आणि चहाची पूड पडताच उसळून हात भाजतो. पेल्यात लाकडी काडी ठेवावी, अर्धा मिनिट थांबावे. तान्ह्या बाळाचे दूध यात तापवू नये. बाटली कोमट लागते आणि आतले दूध तोंड पोळेल इतके गरम असते. रिकामा ओव्हन चालवू नये, कारण परतलेल्या लहरी मॅग्नेट्रॉनलाच तापवतात. आत आग दिसली तर दार बंदच ठेवून भिंतीवरचे बटण बंद करावे. हवा मिळाली नाही की आग विझते.

मावळात पावसाची काळजी वेगळी. चार महिने भिंती ओल्या असतात, विजेचा दाब वरखाली होतो, गडगडाट असतो. ओव्हनला आर्थिंग असलेला सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. मल्टिप्लग किंवा घरगुती इन्व्हर्टर नको. मागे-वर हवा खेळायला जागा सोडावी. विजा चमकू लागल्या की प्लग काढावा. फक्त शनिवार-रविवारी उघडणाऱ्या बंगल्यांत ओव्हन पुसून, कोरडा करून, प्लग काढून ठेवावा. नाहीतर गंज आणि झुरळे आत घर करतात. आणि बिघाड झाला तर पाठ उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार साठलेला असू शकतो. ते काम जाणत्या कारागिराचेच.

नवा ओव्हन घेताना माहितीपुस्तिका एकदा शांतपणे वाचा, घरातल्या आजी-आजोबांना आणि मुलांना बटणे दाखवा, आणि कोणती भांडी चालतात त्यांचा एक वेगळा कप्पा करा. रोज वापरावे, निर्धास्त वापरावे असे हे यंत्र आहे. ते पाण्याला तापवते, एवढे मात्र विसरू नका.