निर्यात थांबली की कांदा का पडतो? आणि आयात शुल्क वाढूनही सोयाबीन का उठत नाही?

कांद्याचा सौदा बेळगावच्या एपीएमसीत होवो की लासलगावात, भाव फक्त त्या दिवशीच्या आवकेवर ठरत नाही. बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका आणि आखाती देशांत माल जातोय की नाही, यावरही तो ठरतो. राज्याची हद्द कुठलीही असो, हे गणित सगळ्यांना सारखंच लागू होतं.

२०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०० लाख टन कांदा पिकला. त्यातला सुमारे २५ लाख टन बाहेर गेला, म्हणजे दहातला एक हिस्साही नाही. मग एवढ्याशा निर्यातीने भाव का हलतो? कारण आठवड्याला दोन किलो कांदा लागणारं घर भाव निम्मा झाला म्हणून चार किलो खात नाही. बाहेर जाणारा माल इथंच अडकला, की तो खपवायला भाव बराच खाली आणावा लागतो. उलट माल थोडा कमी पडला, तरी घरोघरची फोडणी थांबत नाही आणि भाव भडकतो.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर दराची अट घातली आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. तेव्हा बाजारात खरिपाचा लाल कांदा येत होता. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने टिकतो, लाल कांदा टिकत नाही. थांबायची सोय नसल्याने मिळेल त्या भावाला तो विकावा लागला. नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. शहरातल्या ग्राहकाला दिलासा मिळाला, पण तो शेतकऱ्याच्या खिशातून. बंदी मे २०२४ मध्ये उठली आणि उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं. दरम्यान परदेशातलं गिऱ्हाईक पाकिस्तान, इजिप्त, चीनकडे वळलं होतं. तुटलेलं गिऱ्हाईक बंदी उठली म्हणून दुसऱ्या दिवशी परत येत नाही.

खाद्यतेलाचं उलटं आहे. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून. म्हणूनच २८ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा इथल्या व्यापाऱ्यांचं धाबं दणाणलं. ती बंदी २३ मे रोजी उठली.

सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं. बाहेरचं तेल महागलं तर इथल्या तेलबियांना भाव मिळेल, हा हिशेब. तेल महागलंही. पण इंदूरपासून मराठवाड्यापर्यंत अनेक बाजारांत सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिलं.

कारण पेंडीत आहे. १०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो, बाकी बहुतेक पेंड. ती कोंबडीखाद्यात जाते आणि परदेशात विकताना तिला अर्जेंटिना-ब्राझीलच्या स्वस्त पेंडीशी टक्कर द्यावी लागते. पेंड पडली, की नुसत्या तेलाच्या जोरावर सोयाबीन उठत नाही. मे २०२५ अखेर हे शुल्क १६.५ टक्क्यांवर आलं.

त्यामुळे शुल्काची किंवा बंदीची बातमी आली, की आधी एवढं पाहावं: यामुळे गावच्या बाजारात माल वाढणार की घटणार? तो माल थांबवून ठेवता येतो का? आणि वाचलेला किंवा वाढलेला पैसा नेमका कुणाच्या हातात जाणार?