परदेशीं उणीव कशाची?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें एखादें माणूस आज परदेशीं आहे. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां घरच्या पत्राची वाट कित्येक आठवडे पाहावी लागे. थंडीचा व परक्या आहाराचा जाच निराळाच. १८८६ सालीं त्यांस पदवी मिळाली; परंतु क्षयानें खंगून त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला.

आज पोहे, मेतकूट, गोडा मसाला हीं तेथील मोठ्या शहरांतही मिळतात, आणि मुलाचें तोंड रोज पडद्यावर दिसतें. मग उणीव कशाची? आमच्या मतें, न कळवितां येणाऱ्या पाहुण्याची, 'जेवलास का?' असें विचारणाऱ्या माणसाची, आणि आत्या, मावशी, काकू ह्या हाकांची. इंग्रजींत ह्या तिघींना एकच शब्द. तेव्हां तेथें वाढणाऱ्या नातवंडांना हीं नातीं निरनिराळीं कळावीं कशीं?

दिवाळींत फराळाचा डबा अवश्य धाडावा. परंतु आजीआजोबांनीं आठवड्यांतून एकदां तरी नातवंडांशीं मराठींतच बोलावें, हें त्याहून अगत्याचें आहे. घरोघरच्या वडील मंडळींनीं ह्याचा विचार करावा.