शिदोरीला पन्नी नको, कापडी पिशवी शिवा

सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत रिसोड-मालेगावकडे कोणत्याही धुऱ्यावर पाहा. भाकरी खाऊन फेकलेल्या पन्न्या दिसतीलच. पन्नीला चटणीचा वास राहतो, जनावर ती गिळते. मग ती पोटात साचते, पचत नाही. एका पन्नीपायी दुभती गाय गमवायची का?

राज्यात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. २०१८ मध्ये पहिल्याच वेळी ५,००० रुपये दंड ठेवला होता. तरी पन्नी सुटत नाही, कारण सकाळच्या घाईत हाताशी दुसरे काही नसते.

घरचे जुने सुती धोतर, लुगडे चालते. नवे मांजरपाट असेल तर आधी धुवा, नाहीतर मागून आटते अन् भाकरी मावत नाही. १३ इंच रुंद, ३० इंच लांब तुकडा मधोमध दुमडा. दोन्ही बाजू आधी सुलट शिवा, मग उलटवून पुन्हा शिवा. सुटे धागे शिवणीत दबतात. तोंडाशी दुमड घालून नाडी ओवा. झाली पिशवी!

कापडात भाकरीला पाणी सुटत नाही. पिठले मात्र डब्यातच न्या. अन् खताच्या, बियाण्याच्या थैलीची पिशवी भाकरीसाठी मुळीच नको, कितीही धुतली तरी! बियाण्याला औषध चोळलेले असते.

ग्रामपंचायतींनी दंडाच्या नोटिशीआधी गावच्या बचत गटाला मांजरपाटाचे एखादे थान द्यावे. शिलाई मशीन बहुतेक गावांत आहेच.